भारंबे सरांचा भाबडा निवेदक

लीलाधर भारंबे वर्गात ‘भाबडा निवेदक’ हे शब्द उच्चारायचा तेव्हा त्याचा आवाज आपोआप खाली यायचा, गाभाऱ्यात शिरल्यावर येतो तसा. धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजीचा लेक्चरर म्हणून लागून त्याला दोन वर्षं झाली होती. साल एकोणसत्तर. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला विद्यापीठानं एक अमेरिकन कादंबरी लावली होती, आणि जुन्या प्राध्यापकांपैकी कुणालाच ती वाचायची हौस नसल्यामुळे ती लीलाधरच्या गळ्यात पडली. त्यानं ती हारासारखी मिरवायला सुरुवात केली.

कादंबरी तशी लहानशी होती. अमेरिकेतल्या एका आडगावात बर्फाचा कारखाना आहे. मालकाचा नऊ वर्षांचा पोरगा सगळी गोष्ट सांगतो. कारखान्याची बर्फगाडी एझ्रा नावाचा काळा माणूस हाकतो. तो पोराला शेजारी बसवून गावभर फिरवतो, बर्फ फोडताना उडालेला खडा त्याच्या तळहातावर ठेवतो. एक दिवस पोराला कारखान्याच्या टाकीत एक मांजर झोपलेलं दिसतं. पाण्यावर झोपलेलं. मग चर्चच्या जेवणात बर्फाचं सरबत पिऊन गावातली मुलं आजारी पडतात आणि गोरं गाव म्हणतं, काळ्यानं बर्फात काहीतरी कालवलं. पोराच्या बापाला सगळं ठाऊक असतं, तो गप्प बसतो. पोरगाही गप्प बसतो. एझ्रा गाव सोडून जातो.

‘‘आता तंत्र बघा,’’ लीलाधर सांगायचा. ‘‘निवेदक लहान आहे. त्याला दिसतं, पण कळत नाही. कळतं ते वाचकाला. तो म्हणतो मांजर झोपलंय, आणि आपल्या अंगावर काटा येतो. हा उपरोध. आणि बर्फ हे प्रतीक. पांढरं, थंड, हातात धरावं तर वितळणारं.’’

एवढं बोलून तो फळ्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ‘पांढरा’ लिहायचा आणि वर्गाकडे वळायचा. त्याच्या हाताला खडूची पूड लागलेली असायची. मागच्या बाकांवर हसू फुटायचं. लीलाधरला वाटायचं, पोरांना उपरोध कळू लागला.

पोरं कशाला हसतात हे अख्ख्या कॉलेजला माहीत होतं. भारंबे सर काळे होते. सावळे म्हणावं तर सावळ्या माणसांनी हरकत घेतली असती इतके काळे. असोद्याला केळीच्या मळ्यात वाढलेला हा मुलगा जन्मला तेव्हा सुईणीनं आधी रंगाचंच सांगितलं होतं, मुलगा झाल्याचं नंतर. आईनं, मंदाबाईनं, वर्षभर त्याला हळद आणि साय चोळली. हळद वाया गेली. शेवटी तिनं नाव लीलाधर ठेवून कृष्णाच्या खात्यात त्याचा रंग जमा करून टाकला. धुळ्याला आल्यावर लीलाधरनं गुपचूप ‘स्नो’ या गोरं करणाऱ्या क्रीमची बाटली घेतली होती. सकाळी दाढी झाल्यावर तो चेहऱ्यावर स्नो थापायचा आणि दुपारपर्यंत घामाच्या वाटेनं त्याचे ओघळ उतरायचे. वर्णद्वेषावर पाऊण तास बोलून झाल्यावर तो रुमालानं ते ओघळ पुसायचा, आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

एकदा शिरपूरकडच्या सुकदेव नावाच्या ठेंगण्या विद्यार्थ्यानं हात वर केला. ‘‘सर, असं आपल्याकडे पण आहे ना? आमच्या गावातच...’’

‘‘ते परीक्षेत विचारत नाहीत,’’ लीलाधर म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.

पहिल्याच वर्षी त्यानं या कादंबरीवर नोट्सही काढल्या होत्या. सायक्लोस्टाइल केलेल्या त्या तीस पानांच्या प्रती जळगावच्या पोरांपर्यंत गेल्या, तेव्हा तर त्याची छाती शर्टात मावेना.

दिवाळीच्या सुटीत तो असोद्याला आला तो मुली पाहण्याच्या बेतानं. बेत अर्थात मंदाबाईचा आणि तिच्या भावाचा, उखर्डूमामाचा. वडील लीलाधर शाळेत असतानाच गेले होते, तेव्हापासून घरातल्या मोठ्या गोष्टी मामा ठरवायचे. मामांची एकच अट होती, मुलगी उजळ पाहिजे.

‘‘एक काया हाये घरात, तेव्हढा बस झाला,’’ मामा म्हणाले. ‘‘दोन्ही काये झाले तं पोरं अंधारात सापडाची नाही.’’

मंदाबाई हसली. लीलाधरही हसला. लहानपणापासून अशा बोलण्यावर हसायची त्याला सवय होती. आपण हसलो की बोलणाऱ्याला अवघड वाटत नाही, असा त्याचा अनुभव होता.

यावलच्या सोनजी नेहेत्यांची कुंदा ही त्यांनी पाहिलेली तिसरी मुलगी. केळीच्या बागा, खाऊनपिऊन सुखी घर, मुलगी जळगावला राहून बी.ए. झालेली, तीही इंग्रजी घेऊन. उखर्डूमामा बैठकीत तक्क्याला टेकले, मंदाबाई आतल्या बायकांत जाऊन बसली. केळ्याचे काप आणि शेवेची ताटली घेऊन कुंदा बाहेर आली आणि मामांनी पहिल्या नजरेतच निकाल लावून टाकला, हे लीलाधरनं त्यांच्या हातावरून ओळखलं. मामांनी शेवेची मूठ भरली आणि ते खाण्यात गुंतले. मुलगी पसंत असती तर त्यांनी आधी तिला गोत्र विचारलं असतं.

कुंदा सावळी होती, बरीचशी. डोळे मात्र थेट बघणारे. लीलाधरला ती आवडली. आवडलेल्या मुलीशी काय बोलावं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून जे येत होतं तेच त्यानं केलं. परीक्षा घेतली.

‘‘ती बर्फाच्या कारखान्याची कादंबरी तुम्हालाही होती ना? त्यातलं मुख्य तंत्र कोणतं?’’

सोनजीनाना लेकीकडे काळजीनं बघू लागले. मामांनी शेव चावायची थांबवली.

‘‘भाबडा निवेदक,’’ कुंदा म्हणाली. ‘‘तुमच्याच नोट्समध्ये आहे.’’

लीलाधरला आत काहीतरी गोड झालं. ‘‘वाचल्यात तुम्ही?’’

‘‘पाठ होत्या. मार्क पण मिळाले. पण मला ते पटलं नाही.’’ तिनं ताटली खाली ठेवली. ‘‘तुम्ही लिहिलंय, पोराला दिसतं पण कळत नाही. मला वाटतं त्याला कळत होतं. पाण्यावर झोपतात का कधी मांजरं? नऊ वर्षांचा होता, दोन वर्षांचा नाही. कळत नव्हतं असं तो मोठेपणी सांगतो, कारण तसं सांगणं सोयीचं आहे.’’

ज्या खांबावर त्याच्या तीस पानांचा मांडव उभा होता तो या मुलीनं शेवेची ताटली ठेवता ठेवता हलवला होता. ‘‘हा एक दृष्टिकोन होऊ शकतो,’’ असं तो म्हणाला. वर्गात हुशार पोरानं अडचणीत आणलं की तो हेच म्हणायचा.

परतीच्या एस.टी.त मामा पुढच्या सीटवरून मागे वळले. ‘‘पोरगी गुनाची हाये. पन रंग पाह्यला का? अन् जीभ?’’

‘‘रंगाचं मी पन पाह्यलं,’’ मंदाबाई म्हणाली. ‘‘लीला, तुले काय वाटते रे?’’

बोलायची हीच वेळ होती. लीलाधरच्या मनात वाक्य तयारही होतं: मला ती मुलगी पसंत आहे. पाच शब्दांचं साधं मराठी वाक्य. पण मामांचा चेहरा समोर होता, गाडी खडखडत होती, कंडक्टर तिकिटं फाडत होता, आणि लीलाधर खिडकीतून केळीच्या बागा पाहू लागला, जणू आयुष्यात त्या पहिल्यांदाच दिसत होत्या.

‘‘तुम्ही म्हणाल तसं,’’ तो म्हणाला.

यावलला निरोप गेला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी पाहिलीच नव्हती. हे लीलाधरला ठाऊक होतं. धुळ्याला परत गेल्यावर त्यानं ‘लेखकानं मौनाचा केलेला वापर’ या विषयावर एक स्वतंत्र लेक्चर दिलं आणि ते चांगलं रंगलं.

जानेवारीत कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी ठरवलं की कादंबरीचं मराठी नाटक करायचं. रूपांतर लीलाधरनं हौसेनं करून दिलं, तालमीही त्यानंच घेतल्या. गोष्ट सांगणारा पोरगा झाला सुकदेव, कारण तो चड्डीत खरोखरच नऊ वर्षांचा दिसायचा. एझ्रा कुणी व्हायचं यावर मात्र बराच खल झाला. वर्गात सावळी पोरं पुष्कळ होती, पण ‘तू हो’ असं कुणाला म्हणायचं धाडस लीलाधरला होईना. प्रत्येक वेळी सांगायला गेला की ते पोरगं आपल्याकडे रोखून पाहतंय असं त्याला वाटायचं. शेवटी प्रकाशचंद पुढे आला. हा कापडवाल्या घरचा मुलगा, लोण्यासारखा गोरा, आवाज खणखणीत. ‘‘रंग लावू सर, त्यात काय?’’ तो म्हणाला. लीलाधरनं सुटकेचा श्वास टाकला आणि वर वर्गाला ऐकवलंही, की गोऱ्यानं काळ्याची भूमिका करणं यातच केवढा उपरोध आहे.

संमेलनाच्या दिवशी संध्याकाळी मांडव भरून गेला. पुढे संस्थाचालक आणि व्यापारी मंडळी, उजवीकडे बायकांच्या रांगा. मागच्या खोलीत पुना नावाचा रंगारी पेटी उघडून बसला होता. नाटकं, मेळे, सगळीकडे तोंडं रंगवण्याचं काम धुळ्यात हाच करायचा. त्यानं प्रकाशचंदला स्टुलावर बसवलं, काळा रंग तेलात कालवला आणि बोट त्याच्या कपाळाला लावलं, एवढ्यात दारातून किंकाळी आली.

प्रकाशचंदची आई चंदनबाई डोक्यावरचा पदर सावरत आत घुसली होती. मुलाला नाटकाआधी पेढा भरवायला म्हणून ती आली होती. पेढा तिच्या हातातच राहिला.

‘‘छोऱ्याचं तोंड काळं करता?’’ ती कडाडली. ‘‘पुढच्या महिन्यात सगाई आहे त्याची! मुलीकडचे लोक समोर बसलेत, सगळा समाज बसलाय, आणि मास्तर, तुम्ही त्याचं तोंड काळं करून त्यांच्यासमोर उभं करता?’’

‘‘बाई, हे नाटक आहे,’’ लीलाधर म्हणाला. ‘‘माणसाच्या रंगावरून त्याला कमी लेखू नये, हाच तर याचा विषय आहे.’’

‘‘विषय चांगला आहे,’’ चंदनबाई म्हणाली. ‘‘दुसऱ्याचं तोंड काळं करा.’’

तिनं लेकाच्या कपाळावरचा डाग पदरानं पुसला, त्याला मनगटाला धरून उठवलं आणि घेऊन गेली. जाताना प्रकाशचंदनं एकदा केविलवाणं मागे वळून पाहिलं, एवढंच. बाहेर घंटा वाजली. पोरांचे चेहरे उतरले.

‘‘एझ्राचे संवाद कुणाला पाठ आहेत?’’ लीलाधरनं विचारलं.

मग सुकदेव हळूच म्हणाला, ‘‘तुम्हाला आहेत सर. तुम्हीच लिहिलेत.’’

सगळी पोरं लीलाधरकडे बघू लागली. त्यांच्या नजरेतली आशा त्याला आधी दिसली आणि मग त्या आशेच्या खालची गोष्टही दिसली, जी प्रत्येकाच्या मनात होती आणि कुणी बोलत नव्हतं. दोन वर्षं हा माणूस ज्या एझ्रासाठी गळा काढत होता त्याच्या जागी उभं राहायचं म्हटल्यावर त्याला राग आला, आणि कुणाचा आला हेही त्याला सांगता येईना.

‘‘मी प्राध्यापक आहे,’’ तो म्हणाला. ‘‘बरं दिसेल का?’’

दुसरी घंटा झाली. मांडवात शिट्ट्या सुरू झाल्या. लीलाधरनं कोट काढला, प्रकाशचंदसाठी आणलेला फाटका सदरा अंगात चढवला आणि तो पुनासमोर स्टुलावर बसला. डोळे मिटून घेतले. पुनानं त्याची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे केला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला, आणि काळ्या रंगाच्या डबीला झाकण लावून टाकलं.

‘‘सर, तुम्हले रंग कसाले लावाना?’’ तो अगदी आपुलकीनं म्हणाला. ‘‘बठ्ठं तोंड तयारच शे. तो सकायना स्नो तेव्हढा पुसी टाकस. वरतून थोडं तेल लाई देस, मंग दिवाखाले कसा चमकशात पहा.’’

आणि त्यानं ओल्या फडक्यानं भारंबे सरांचा स्नो सगळ्या विद्यार्थ्यांसमोर घासून काढला.

रंगमंचावर एझ्रा आला तेव्हा क्षणभर कुणी ओळखलं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘अरे, भारंबे सर!’’ आणि मांडव फुटला. पोरं बाकांवर उभी राहून हसत होती, बायकांच्या रांगा तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि संस्थाचालकांपैकी एक जण शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाले, ‘‘निवड मात्र अचूक केली हं!’’ लीलाधर लाकडी बर्फगाडीचा दांडा धरून उभा होता. सवयीनं त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू येऊ लागलं, समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून हसायचं ते. पण एझ्रानं इथे हसायचं नव्हतं, रूपांतरात तसं नव्हतं. त्यानं हसू आवरलं. आवरायला फार जड गेलं, हेच त्याला नवीन होतं.

हळूहळू लोक शांत झाले. लीलाधरला अभिनय येत नव्हता, त्यामुळे तो नुसते संवाद बोलत गेला, आणि त्याचंच लोकांना कौतुक वाटू लागलं. मग तो प्रसंग आला. गावकरी एझ्राला घेरतात, दोषी ठरवतात, आणि तो जाता जाता पोरासमोर गुडघ्यावर बसून विचारतो. तालमीत लीलाधरनं हा प्रसंग प्रकाशचंदकडून वीस वेळा करून घेतला होता, ‘इथे आवाज कापरा ठेव’ वगैरे सांगून.

‘‘तू टाकी पाहिली होतीस ना?’’ एझ्रा म्हणाला. ‘‘तू सांग यांना.’’

सुकदेवनं त्याच्याकडे पाहिलं. संवाद नव्हताच, पोरानं गप्प राहायचं होतं. पण तालमीत सुकदेव खाली बघायचा, आज त्यानं खाली पाहिलं नाही. तो सरळ लीलाधरच्या डोळ्यांत बघत गप्प राहिला. गप्प बसलेल्या माणसाचा चेहरा समोरून कसा दिसतो हे लीलाधरनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं. काही एक न कळणं वगैरे नसतं. लीलाधरला एकदम एस.टी.ची खिडकी आठवली, त्या केळीच्या बागा आठवल्या, आणि पुढचा संवाद तो साफ विसरला.

विंगेतून पोरं कुजबुजत संवाद सांगत होती. त्याला ऐकू येत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. तो उठला आणि तसाच निघून गेला. लोकांना वाटलं हाच शेवट. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्य आत येऊन त्याचा हात हातात घेत म्हणाले, ‘‘भारंबे, तो मौनाचा वापर! वा!’’

पुढच्या रविवारी लीलाधर जळगावला गाडी बदलून भुसावळमार्गे यावलला गेला. एकटा. स्नो लावला नव्हता. वाटेत त्यानं बोलायचं सगळं मनात रचलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट. आपण दारात उभे राहू, खरं सांगू, नेहेत्यांचं घर गहिवरून जाईल, कुंदा मान खाली घालेल. त्या रचनेत एक उदार, किंचित थकलेला नायक होता आणि तो बराच उजळ रंगाचा होता.

सोनजीनाना ओट्यावरच बसले होते. त्याला पाहून ते गडबडले. पाणी आलं, चहा आला. आतून कुंदाही येऊन दाराशी उभी राहिली.

‘‘नाना, मी माफी मागायला आलो,’’ लीलाधरनं सुरुवात केली. ‘‘पत्रिकेचा निरोप खोटा होता. पत्रिका आम्ही पाहिलीच नाही. घरच्यांनी रंगावरून... आणि मी गप्प बसलो. मला मुलगी पसंत होती.’’

सोनजीनाना कमालीचे अवघडले. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, आत पाहिलं, मग म्हणाले, ‘‘सर, तुमी आता एव्हढं खरं बोल्ले तं म्या बी सांगतो. रागाऊ नका. तुमचा निरोप आला अन् आमाले बरंच वाटलं. आमी बी नकारच कयवनार व्हतो.’’

‘‘का?’’

‘‘आमची म्हतारी म्हने,’’ नानांनी आवाज अगदी खाली आणला, ‘‘पोरगा लई काया हाये.’’

लीलाधरनं मोठ्या कष्टानं रचलेला सुरुवात-मध्य-शेवट एका वाक्यात जमीनदोस्त झाला होता. आतून म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं, ‘‘तोच का तो धुयाचा?’’ आणि कुणीतरी तिला गप्प केलं.

त्याला हसू फुटलं. ते आवरेना. हे ते जुनं हसू नव्हतं. तो एवढा हसला की कुंदाही हसायला लागली आणि नाना दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

‘‘आजीचं सोडा,’’ कुंदा म्हणाली. ‘‘मी तिच्याशी भांडले होते. रंगाचं मला काही नव्हतं.’’

‘‘मग तुमचं काय होतं?’’

‘‘तुम्ही मला परीक्षेतला प्रश्न विचारलात. माणूस बघायला आलेला माणूस असं विचारतो का?’’

‘‘आता विचारतो. म्हणजे परीक्षेतला नाही,’’ लीलाधर म्हणाला. ‘‘तुम्ही म्हणाला होता ते बरोबर होतं. त्या पोराला कळत होतं. आता मी आईला सांगतो, मामांना सांगतो. तुमची तयारी असेल तर...’’

कुंदानं ओट्याच्या खांबाला हात टेकला. ‘‘तुम्ही येऊन खरं सांगितलंत, बरं केलंत,’’ ती म्हणाली. ‘‘पण सर, खरं बोलल्याचं बक्षीस म्हणून मी नाही यायची. तुम्हाला दोन महिने लागले. उद्या तुमच्या घरात मला कुणी काही बोललं, तर तेव्हाही दोन महिने लागतील. मी जूनपासून बी.एड.ला जाणार आहे.’’

ती रागानं बोलली नव्हती. ‘‘हा एक दृष्टिकोन होऊ शकतो’’ हे वाक्य लीलाधरच्या जिभेवर आलं होतं, ते त्यानं चहाबरोबर गिळलं. ‘‘बरोबर आहे,’’ तो म्हणाला.

नाना त्याला स्टँडपर्यंत सोडायला आले. घरच्या बागेतली दोन डझन केळी त्यांनी फडक्यात बांधून दिली आणि गाडी सुटेपर्यंत त्याची समजूत घातली. ‘‘रंगाचं मनावर घेऊ नका सर. रंगात काय हाये? मानूस कामाचा पाह्यजे. तुमाले चांगली पोरगी भेटीन.’’ बरोबर हेच दिलाशाचे शब्द लीलाधर येताना कुंदासाठी रचत आला होता, जवळजवळ याच क्रमानं.

असोद्याला पोचला तेव्हा दुपार कलली होती. मंदाबाई अंगणात वांगी भाजत बसली होती. न सांगता आलेला मुलगा आणि त्याच्या हातातली केळी पाहून तिनं विचारलं, ‘‘कोठून आला रे?’’

‘‘यावलहून. नेहेत्यांकडे गेलो होतो. मुलगी मागायला. नाही म्हणाले.’’

‘‘काहून?’’

‘‘त्यांच्या म्हातारीनं सांगितलं, मुलगा काळा आहे.’’ कुंदाचं कारण त्यानं मुद्दाम मागे ठेवलं.

मंदाबाईच्या हातातलं वांगं विस्तवात पडलं. ‘‘माह्या लेकाले काया म्हनते?’’ ती उठूनच उभी राहिली. ‘‘कोन म्हने ते म्हतारी? तिले काय डोये हाये का नाही? प्रोफेसर हाये माहा लेक! त्याची बुद्धी पाहाची का कातडं पाहाचं? मानूस हाये का बैल, रंग पाहून घ्याले?’’ ती बोलत राहिली, शेजारणी कुंपणापाशी जमल्या, त्यांनाही तिनं सांगितलं. यावलच्या लोकांची तिनं सात पिढ्यांपर्यंत खबर घेतली. लीलाधर बाजेवर बसून ऐकत होता. त्याच्या कुठल्याही लेक्चरपेक्षा हे सरस होतं.

मग ती अचानक थांबली. शेजारणी पांगल्यावर तिनं चिमट्यानं वांगं विस्तवातून काढलं, त्याची राख झटकली, परत ठेवलं.

‘‘लीला,’’ ती बारीक आवाजात म्हणाली, ‘‘आपन त्या पोरीले... असंच केलं नं?’’

‘‘हो, आई. असंच केलं. मला ती पसंत होती.’’

मंदाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. लीलाधरला वाटलं, आता ती रडेल. तिनं केळ्यांचं फडकं ओढलं, त्यातलं एक केळं मोडून त्याच्या दिशेनं रोखलं.

‘‘पसंत व्हती? मंग गाडीत म्या तुले इचारलं तव्हा काहून नाही बोल्ला? धुयाले पोरायसमोर घंटा घंटा बोलतो, तव्हा काय तोंडात केयं व्हतं?’’

भारंबे सरांनी ते केळं घेतलं आणि सोलून खाल्लं, आणि खाता खाता त्यांना पुन्हा हसू आलं.

कुंदा पुढे बी.एड. झाली आणि फैजपूरकडे एका शाळेत लागली. लीलाधरनं नोट्सच्या उरलेल्या प्रती वाटणं बंद केलं. कुणी मागितल्या तर म्हणायचा, त्यात एक मोठी चूक आहे, तुम्हीच कादंबरी वाचून शोधा. पोरांना हे मुळीच आवडलं नाही. त्याचं लग्न आणखी दीड वर्षानं सावद्याच्या एका मुलीशी झालं. तिला पाहायला जाताना मंदाबाईनं उखर्डूमामांना बरोबर नेलं नाही. पुढे कितीतरी दिवस मामा तिच्याशी नीट बोलत नव्हते.